देवाची करणी आणि टायरात हवा

गाडीचा टायर फुटला की आपल्याकडे पहिला संशय देवावर घेतला जातो. दुसरा उन्हावर, तिसरा रस्त्यावर आणि चौथा नजर लावणाऱ्या शेजाऱ्यावर. गाडीच्या मालकावर संशय घ्यायची पद्धत नाही. त्या बिचाऱ्याने दसऱ्याला हार घातलेला असतो, लिंबू-मिरची बांधलेली असते. आणखी त्याने करायचं तरी काय?

या पद्धतीविरुद्ध मला चार शब्द बोलायचे आहेत. आणि ते मी आरोपीच्या पिंजऱ्यातूनच बोलतो आहे.

मी भाईंदर पूर्वेचा, नवघर रोडचा रहिवासी. बँकेत कारकून. रोज लोकलला लोंबकळून जाणाऱ्या माणसाला गाडी कशाला हवी, असं तुम्ही विचाराल. सौ.नेही विचारलं होतं. आमची गाडी वर्षाचे साडेअकरा महिने सोसायटीच्या आवारात उभी असते. त्या काळात ती मांजरांना सावली देते आणि पोरांना क्रिकेटची यष्टी म्हणून उपयोगी पडते. गणपतीत मात्र ती चिपळूणच्या पुढे आमच्या गावी जाते.

2023 च्या गणपतीहून परतत होतो. डिकीत पन्नास नारळ, तांदळाची गोणी आणि 'राहू दे रे, मुंबईत मिळत नाही' या सदरातल्या सतरा वस्तू. मागच्या सीटवर आई आणि मुलगी, पुढे सौ. माणगाव मागे पडलं आणि मागून धडाम आवाज झाला.

"नारळ फुटला वाटतं," आई म्हणाली.

नारळ शाबूत होते. मी घाबरून ब्रेकवर उभा राहिलो. हेच करायचं नसतं, हे मला नंतर कळलं. गाडी गर्रकन फिरून रस्त्यात आडवी झाली. समोरून येणारा ट्रक आमच्यापासून चार हातांवर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. आता अस्सल शिव्या ऐकायच्या, म्हणून मी मान खाली घातली. पण त्याने आधी मागच्या सीटवरच्या आईकडे आणि पोरीकडे पाहिलं. मग चिंध्या झालेल्या टायरपाशी बसून एका आकड्यावर बोट ठेवलं: 2214.

"साहेब, बाविसावा आठवडा, 2014 साल. नऊ वर्षांचा म्हातारा आहे हा."

"पण नक्षी तर नव्यासारखी आहे!" मी म्हणालो.

"नक्षी चालून झिजते साहेब. रबर उभ्या उभ्या मरतं."

वाचकहो, गेली बावीस वर्षं मी चेक हातात घेतला की आधी तारीख पाहतो. तीन महिन्यांवर एक दिवस झाला, तर सख्ख्या काकांचासुद्धा चेक परत करतो. आणि ज्या चार टायरांवर माझं अख्खं घर बसलं होतं, त्यांची तारीख मी एकदाही वाचली नव्हती! टायर गोटा झाला की बदलायचा, एवढंच मला ठाऊक. ऊन आणि हवा रबराला आतून सुकवतात, उभ्या गाडीचा टायरही म्हातारा होतो, हे बी.कॉम.ला शिकवत नाहीत.

हे रडगाणं मी अमेरिकेतल्या मेव्हण्याला फोनवर ऐकवलं, तर त्याचं दुःख माझ्याहून मोठं निघालं. त्याने 1960 च्या सुमाराची एक जुनी घरगाडी घेतली आहे. आत पलंग, चूल, सगळं. आणि ती मोटारीच्या मागे जोडून ओढायची. तीही माझ्या गाडीसारखी वर्षभर उभीच. "भावोजी," तो म्हणाला, "तुम्हाला निदान आवाज तरी आला. मागच्या घरगाडीला एका बाजूला दोन चाकं. एक फुटलं तर दुसरं तिला उचलून धरतं, पुढे पत्ता लागत नाही. मैलभराने पाहिलं, तर टायरच्या पट्ट्यांनी चाबकासारखे फटके मारून जमीन फाडली होती, वायरी तोडल्या होत्या."

आता तो टायर नक्षीवर नाही, वयावर बदलतो. निघण्यापूर्वी सामानासकट गाडी वजनकाट्यावर नेतो. चाकांच्या वर पत्रा ठोकलाय, म्हणजे फुटला तरी घर फाटू नये. हवा कमी झाली की पुढे घंटी वाजेल असं यंत्र व्हॉल्व्हवर बसवलंय. मी पन्नास नारळ भरताना फक्त डिकी लागते की नाही, एवढंच पाहिलं होतं.

आता देवाच्या बाजूने एक साक्ष. 2010 साली पुण्याहून मुंबईला येणाऱ्या एका मोटारीचा मागचा टायर फुटून ती दरीत कोसळली आणि एका कमावत्या माणसाचा जीव गेला. लवादाने सव्वा कोटीची भरपाई ठरवली. विमा कंपनी अपिलात म्हणाली, टायर फुटणं ही देवाची करणी! 2023 साली मुंबई उच्च न्यायालयाने ते अपील फेटाळलं. टायर फुटणं ही देवाची करणी नव्हे, माणसाची हयगय आहे आणि निघण्यापूर्वी टायर तपासणं हे चालकाचं किंवा मालकाचं काम आहे, असं न्यायालयाने बजावलं. देव निर्दोष सुटला. तेरा वर्षं लागली, पण सुटला.

तरी आमच्या सोसायटीत वाद संपत नाही. एक जण म्हणतात, "मी नायट्रोजन भरलाय, मला भीती नाही." अहो, साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो! भीती आहे ती कमी हवेची. हवा कमी असली की टायरची कूस दर फेऱ्याला दुमडते, तापते आणि शेवटी फाटते. वर ओझं आणि वेग असला की लवकर फाटते. दुसरे म्हणतात, "खड्डे बुजवा, मग आम्हाला शिकवा." खड्ड्यांचा हिशेब मलाही मागायचा आहे. खड्ड्यात आपटून टायरला फुगा येतो, तोही एक दिवस फुटतो. पण ते वेगळं खातं. त्यांच्या खात्यावर माझी उधारी कशी मांडू? तिसरे म्हणतात, "नवे टायर परवडत नाहीत." यांनी त्याच महिन्यात गाडीला नवी सीट कव्हरं घातली.

मी आता पहिल्या तारखेला सकाळी, टायर थंड असताना, हवा मोजतो. डिकीतल्या स्टेपनीचीसुद्धा. टायर पाच वर्षांचा झाला की दर वर्षी जाणकाराला दाखवायचा, असं ठरवलंय. फुटलाच तर ब्रेकवर उभं राहायचं नाही. स्टीअरिंग घट्ट, सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा आणि गाडी मंदावली की कडेला घ्यायची. हे मी पोरीकडून पाठ म्हणूनही घेतो. सोसायटीत मला 'हवालदार' म्हणतात. म्हणोत.

यंदा गावाला निघताना आईने नेहमीप्रमाणे गाडीपुढे नारळ फोडला, हात जोडले आणि माझ्याकडे वळून विचारलं,

"हवा बघितलीस ना रे?"