पाच डॉलरचं तिकीट

'रॉक बँड' हे दोन शब्द मराठी घरात कुणी उच्चारले की आईवडिलांच्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र उभं राहतं. वाढलेले केस, कानठळ्या बसवणारी गिटार, जागरणं, नशापाणी आणि शेवटी हातातून गेलेलं एक पोर. या चित्रात रंग भरायला सिनेमानं मदत केली, वर्तमानपत्रांनीही केली. चित्र अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण अमेरिकेच्या हमरस्त्यांवर गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं दुसरंही एक चित्र फिरतं आहे. एक जुनी व्हॅन, तिच्यात दाटीवाटीनं बसलेले चार-पाच तरुण, मागं छतापर्यंत रचलेले ड्रम आणि स्पीकर, आणि कुणाच्या तरी पिशवीत एक हिशेबाची वही. माझी उभी हयात बँकेच्या नोकरीत गेली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री आणि रविवारी. तेव्हा गिटारपेक्षा माझं लक्ष त्या वहीकडे गेलं, यात नवल नाही.

ज्यांना 'स्वतंत्र' बँड म्हणतात, त्यांच्यामागं कुठलीही बडी ध्वनिमुद्रण कंपनी नसते. गाणी स्वतः करायची, स्वतःच्या किंवा मित्राच्या छोट्या कंपनीतर्फे तबकडी काढायची आणि ती गावोगाव स्वतःच वाजवीत हिंडायचं. या मंडळींवर मायकेल अझेराड या पत्रकाराचं २००१ साली आलेलं एक जाडजूड पुस्तक आहे. १९८१ ते १९९१ या दहा वर्षांतल्या तेरा बँडांची हकिगत त्यात आहे. संगीतातलं मला फारसं कळत नाही. पण पुस्तक मी एखाद्या उद्योगाचा इतिहास वाचावा तसं वाचलं, आणि तो आहेच तसा.

या उद्योगाचा रस्ता ज्यांनी पाडला त्यांत कॅलिफोर्नियातल्या हर्मोसा बीचच्या 'ब्लॅक फ्लॅग'चं नाव आधी घ्यावं लागतं. ग्रेग गिन हा त्यांचा म्होरक्या. त्यानंच 'एसएसटी' नावाची छोटी कंपनी काढली. जिथं म्हणून कुणी वाजवू देईल तिथं हे लोक जात. १९८१ साली वॉशिंग्टनमधल्या आइस्क्रीमच्या दुकानातली नोकरी सोडून हेन्री रॉलिन्स नावाचा वीस वर्षांचा मुलगा त्यांच्यात गायला आला. त्यानं रोजनिशी ठेवली आणि १९९४ साली 'गेट इन द व्हॅन' या नावानं ती पुस्तकरूपानं छापली. ज्यांना या आयुष्याचं आकर्षण वाटतं त्यांनी ती जरूर वाचावी. व्हॅनमध्ये सामानावर झोपणं, उपासमार, अंगावर थुंकणारे आणि हात टाकणारे श्रोते, पोलिसांचा ससेमिरा, आणि या सगळ्यानंतर पुढचं गाव. दौरा नसेल तेव्हा रॉलिन्स गिनच्या आईवडिलांच्या घरामागच्या शेडमध्ये राहायचा, आणि या पोरांना जेवू घालायचे ते हेच आईवडील. बंडखोरीच्या कहाण्यांत अशा स्वयंपाकघरांचा उल्लेख फार थोडा येतो.

दुसरा बँड 'मिनिटमेन'. सॅन पेद्रो या बंदराच्या गावातले तिघे, डी. बून, माइक वॉट आणि जॉर्ज हर्ली. बून आणि वॉट हे लहानपणापासूनचे जिवलग मित्र. 'इकोनो' हा त्यांचा लाडका शब्द. फोर्ड कंपनीच्या इकोनोलाइन व्हॅनवरून तो घेतलेला, आणि अर्थ असा की जे करायचं ते काटकसरीत. सामान स्वतः उचलायचं, गाडी स्वतः चालवायची, रात्री कुणा चाहत्याच्या घरी जमिनीवर पथारी टाकायची. त्यांची जगाची विभागणी मला फार आवडली. जगात दोनच गोष्टी आहेत, कार्यक्रम आणि कार्यक्रमाची जाहिरात. तबकडीसुद्धा त्यांच्या लेखी जाहिरातच. बडा उद्योग तबकडी खपावी म्हणून दौरा काढी, आणि हे दौऱ्याला माणसं यावीत म्हणून तबकडी काढीत.

हे फिरणं नुसत्या हिमतीवर चालत नव्हतं. गावोगावी ओळखी लागत, आणि त्या वहीत उतरवून एक बँड दुसऱ्याला देई. पुढं १९९२ साली 'मॅक्सिमम रॉकन्रोल' या नियतकालिकानं अशा पत्त्यांची एक निर्देशिकाच छापली. तिचं नाव रविवारच्या पानावर छापण्याजोगं नाही, पण काम अगदी सोवळं होतं. कुठल्या गावात कुठली जागा मिळते, तबकड्या कोण विकतं, कुठलं रेडिओ केंद्र गाणी लावतं, कोण राहायला जागा देतं. आपल्याकडे वारकऱ्यांना वाटेवरच्या घरांची माहिती असते ना, तशातलाच प्रकार. इथं विठ्ठल तेवढा वेगळा.

पण बँकवाल्याला खरा भुरळ घालणारा बँड म्हणजे वॉशिंग्टनचा 'फुगाझी'. इयन मकाय, गी पिचोटो, जो लॅली आणि ब्रेंडन कॅन्टी असे चौघे. ३ सप्टेंबर १९८७ रोजी पहिला कार्यक्रम, ४ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनला शेवटचा. या पंधरा वर्षांत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत आणि बाहेर जगभर मिळून हजारावर कार्यक्रम. त्यांचे नियम साधे होते. तिकीट शक्यतो पाच डॉलर. कुठल्याही वयाच्या माणसाला प्रवेश, कारण दारूच्या गुत्त्यांत वाजवलं की एकवीस वर्षांखालच्या पोरांना बाहेर राहावं लागतं. टी-शर्ट विकायचे नाहीत. स्वतःच्या शहरात वाजवायचं ते फुकट, नाहीतर कुणाच्या मदतीसाठी. समोर कुणी दांडगाई करून इतरांना इजा करू लागला तर त्याला बाहेर काढायचं, पण पाच डॉलरची नोट पाकिटात घालून परत द्यायची! फुकटात काढलं असं त्यानं म्हणता कामा नये.

पाच डॉलरमध्ये हे भागायचं कसं? सोपं उदाहरण घेऊ. तीनशे माणसं आली तर दीड हजार डॉलर जमा. जागेचं भाडं, पेट्रोल, जेवण वजा जाता जे उरेल ते चौघांचं. व्यवस्थापक नाही, दलाल नाही. दौरे मकाय स्वतः ठरवी. तबकड्या १९८० साली त्यानं आणि त्याच्या एका मित्रानं सुरू केलेल्या 'डिस्कॉर्ड' या कंपनीच्या, जिथं बँडांशी लेखी करार करण्याची पद्धतच नाही. नफा झाला की वाटून घ्यायचा. बड्या कंपन्यांची बोलावणी आली तेव्हा यांना 'नाही' म्हणता आलं, कारण 'हो' म्हणायची गरज त्यांनी वहीत शिल्लक ठेवली नव्हती. आणि वही कशी? त्यांच्या ध्वनिअभियंत्यांनी आठशेवर कार्यक्रम ध्वनिमुद्रित केले. २०११ सालापासून ते लोकांसाठी खुले होऊ लागले, तेव्हा त्यासोबत तारीख, जागा, तिकिटाचा दर आणि हजर माणसांची संख्याही दिलेली. इतकी स्वच्छ दप्तरं मी तपासणीला गेलेल्या शाखांतही क्वचितच पाहिली.

आता दुसरी वही पाहा. ध्वनिमुद्रण करणारा स्टीव्ह अल्बिनी यानं १९९३ साली 'द बॅफलर' या नियतकालिकात एका कल्पित बँडचा ताळेबंद मांडला. बड्या कंपनीकडून अडीच लाख डॉलरची उचल. तबकडीही अडीच लाख खपली, म्हणजे सगळ्यांच्या लेखी यशच. पाच आठवड्यांचा दौरा झाला. जमा पन्नास हजार डॉलर, खर्च ५०,८७५. त्यातले पंचवीस हजार एकट्या बसचे. शेवटी निर्मात्याला नव्वद हजार, व्यवस्थापकाला ५१ हजार, वकिलाला बारा हजार, कंपनीला सात लाख दहा हजारांचा नफा. आणि बँडमधल्या प्रत्येकाला? ४,०३१ डॉलर २५ सेंट. वर मानधनाच्या खात्यावर कंपनीचं चौदा हजार डॉलर देणं उरलंच. अल्बिनी स्वतः बँडांकडून ठरलेली मजुरी घेई, विक्रीतला वाटा घेत नसे. 'निर्व्हाना'सारख्या गाजलेल्या बँडच्या १९९३च्या तबकडीवरही त्यानं तो घेतला नाही. २०२४ साली तो वारला.

'उचल' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्याकडे तो ऊसतोडणी मजुराला ठाऊक आहे, तमाशातल्या कलावंताला ठाऊक आहे. हंगामाआधी उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडत नाचायचं. फड सोडायचा तर आधी उचल फेडा. बड्या कंपनीचा 'ॲडव्हान्स' याहून वेगळा नाही. ती बक्षिशी नव्हे, कर्ज आहे, आणि कलावंताचं पुढचं काम हे त्याचं तारण. अमेरिकेतल्या या पोरांनी उचल घ्यायची नाही असं ठरवलं. त्यांच्या स्वातंत्र्याचा उगम मला तिथं दिसतो. ते गाण्यांतल्या घोषणांत नव्हतं, खर्चाच्या रकान्यात होतं.

हे सारं मी वाचलं त्याला घरचंच एक कारण होतं. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा अभियंता आहे आणि पुण्यातल्या एका बँडमध्ये गिटार वाजवतो. नोकरी सोडून पुरता बँडमध्येच उतरायचं त्यानं मनात आणलं, तेव्हा बहिणीनं फोन केला, "दादा, तुझं तो ऐकतो. तू समजाव त्याला." मी त्याला बोलावलं आणि उपदेशाच्या आधी हिशेब मागितला. त्यानं मोबाइलवर काढून दाखवला. गोवा, बेंगळुरू, हैदराबाद असे तीन कार्यक्रम, जमा चौपन्न हजार, खर्च एकोणपन्नास. उरलेल्या पाचांत ड्रमची दुरुस्ती. कर्ज काहीच नाही. वही स्वच्छ होती. मी विचारलं, "रात्री गाडी कोण चालवतं?" तो म्हणाला, "ज्याला झोप येत नसेल तो, मामा."

माझ्या छातीत धस्स झालं ते या उत्तरानं. कारण या आयुष्याचा जो खरा खर्च आहे तो कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो. डिसेंबर १९८५मध्ये 'मिनिटमेन'चा 'आर.ई.एम.'बरोबरचा दौरा संपला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २२ डिसेंबरला, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातून जाताना व्हॅन रस्त्याबाहेर गेली. आजारी असल्यानं मागं आडवा झालेला डी. बून बाहेर फेकला गेला आणि जागीच संपला. वय सत्तावीस. तो प्रवास दौऱ्याचा नव्हता, पण गाडी तीच आणि मागं आडवं होण्याची सवयही तीच. माइक वॉटनं वाजवणं थांबवलं. ओहायोतल्या एका तरुण चाहत्यानं त्याच्या गावी येऊन त्याला पुन्हा उभं केलं आणि १९८६ साली नवा बँड निघाला. २० जुलै २००३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून पोर्टलंडला परतताना 'एक्सप्लोडिंग हार्ट्स' या बँडची व्हॅन उलटली आणि चौघांपैकी तिघे गेले. रस्त्यावर जगणाऱ्या कुठल्याही कलेचं हे असंच असतं. आपल्याकडच्या नाटकाच्या बसनं आणि तमाशाच्या ट्रकनंही हे भोगलं आहे.

दुसरा खर्च घराचा. महिनोन्महिने दारी नसलेल्या माणसाच्या वाट्याचं काम घरात कुणीतरी करत असतं. म्हातारपण, आजारपण, लहान मुलं यांना दौऱ्याचं वेळापत्रक कळत नाही. फुगाझीनं २००२ नंतर थांबायचं ठरवलं त्यामागं संसाराच्या जबाबदाऱ्याच होत्या. बँड मोडल्याची घोषणा त्यांनी केली नाही आणि निरोपाचा महागडा दौराही काढला नाही. वही मिटली, एवढंच.

आज तबकडीचा जमाना गेला. मोबाइलवर गाणं जवळजवळ फुकट ऐकता येतं आणि वाजवणाऱ्याच्या हाती त्यातून फारच थोडं पडतं. तेव्हा पोट भरायचं तर रस्त्यावर उतरणं आलंच. २०२० साली साथीनं तोही रस्ता बंद केला, तेव्हा किती जण एका खांबावर उभे होते ते सगळ्यांना दिसलं. आपल्या शहरांतूनही अशी पोरं आता निघू लागली आहेत. त्यांतली बहुतेक सगळी शिकलेली, सुस्थित घरांतली. त्यांच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, 'यातून नाव होईल का?' माझ्या मते हा प्रश्नच गैरलागू आहे. नाव शंभरात एकाचं होतं, आणि त्याचंही अल्बिनीच्या ताळेबंदासारखं होऊ शकतं.

विचारायचं ते वेगळं. वही कोण ठेवतं आणि ती सगळ्यांना दिसते का? उचल कुणाकडून घेतली आहे आणि तिच्या बदल्यात काय लिहून दिलं आहे? रात्री गाडी कोण चालवतं, आणि मागं बसलेल्यांचे पट्टे लावलेले असतात का? आणि घरी कुणी आजारी पडलं तर दौरा कोण थांबवणार, हे आधी ठरलं आहे का? या चार प्रश्नांची सरळ उत्तरं जो मुलगा किंवा जी मुलगी देऊ शकते, तिला जाऊ द्यावं असं माझं मत आहे. कर्जाचे अर्ज तपासताना मी याहून फार वेगळं काही विचारत नसे. ज्यांची उत्तरं सरळ असत त्यांचा धंदा नेहमीच चालला असं नाही, पण त्यांना तोंड लपवत फिरावं लागलं नाही.

भाच्याला मी समजावलं नाही. एवढंच सांगितलं की रात्री अकरानंतर गाडी चालवायची नाही, मुक्कामाचे पैसे खर्चात धरायचे आणि मग तिकिटाचा दर ठरवायचा. बहिणीला हे पसंत नाही. तिची काळजी रास्त आहे, आणि तिच्यासारख्या आयांची काळजीही त्या वहीत कुठंतरी मांडली जायला हवी.