बी. ए., विषय : रंगभूषा

बँकेच्या कागदावर सही करण्यापूर्वी माणसाने दोनदा विचार करावा, असे आमचे वडील सांगत. मी तीन आठवडे विचार केला. कागद होता भाचीच्या शैक्षणिक कर्जाचा. सहकर्जदार म्हणून सही करायला बापाने साफ नकार दिला, तेव्हा ती तो कागद घेऊन डोंबिवलीहून थेट आमच्याकडे पुण्याला आली. शिकायचे काय, तर लंडनला जाऊन केस विंचरणे आणि पावडर लावणे! हे वर्णन अर्थात आमच्या भावोजींचे. माहितीपत्रकात त्याला फॅशनसाठीची केशरचना व रंगभूषा असे भारदस्त नाव होते, आणि तीन वर्षांनी त्याची चक्क बी. ए. ऑनर्स मिळणार होती.

भावोजींचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते, हे आधी कबूल करतो. वर्षाची फी रुपयांत मांडली तर पंचवीस लाखांच्या वर, राहणे-खाणे निराळे. शिवाय त्यांनी नेटवर बसून एक हुकमाचे पान शोधून काढले होते. "पॅट मॅकग्रा म्हणून बाई आहेत. २०२१ साली इंग्लंडच्या राणीने त्यांना डेम हा किताब दिला. रंगभूषा करणाऱ्यांत हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच. आता सांगा प्राध्यापकमहाशय, त्यांनी या विषयाची पदवी कुठल्या विद्यापीठातून घेतली?"

कुठल्याच नाही. मी गप्प बसलो. पण गप्प बसण्याचे खरे कारण वेगळे होते. पंचवीस वर्षांपूर्वी मी मराठी घेऊन एम. ए. करतो म्हटले, तेव्हा आमच्या वडिलांनीही ज्ञानेश्वरांची पदवी मला विचारली होती. मराठीवर पोट भरणाऱ्याने दुसऱ्याच्या विषयाला निरुपयोगी कोणत्या तोंडाने म्हणावे?

मास्तरकीच्या सवयीने मी त्या लंडन कॉलेज ऑफ फॅशनची कुळकथा काढली. १९१५ साली ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या मागे बॅरेट स्ट्रीटवर मुलींसाठी एक धंदेशिक्षणाची शाळा निघाली. भोवतालच्या बड्या दुकानांना हात हवे होते, म्हणून शिवण, भरतकाम आणि केशरचना शिकवायची. पुढे शोरडिचच्या तसल्याच एका संस्थेशी तिचा संयोग होऊन १९६७ साली हे कॉलेज झाले. २००४ पासून ते ज्या संस्थेचा भाग आहे तिला युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स, लंडन असे म्हणू लागले. आणि २०२३ साली शहरभर विखुरलेले वर्ग स्ट्रॅटफर्डच्या नव्या इमारतीत एकत्र आले. वेणीफणीला विद्यापीठाचा उंबरठा ओलांडायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली म्हणायची!

"मग इथेच शीक ना," मी शेवटचा प्रयत्न केला. "आपल्या मुंबईत काय कमी आहे? पंढरीदादा जुकर कुठल्या विद्यापीठात गेले होते? विक्रम गायकवाडांनी 'बालगंधर्व'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. अशा कुणाच्या हाताखाली पाच वर्षे काढ."

"मामा, मुंबईच्या सिनेमात बाईला रंगभूषाकाराचे कार्ड कधीपासून मिळते, ठाऊक आहे तुला?"

मला ठाऊक नव्हते. वाचक, तुम्हालाही नसेल. कॅलिफोर्नियात शिकून आलेल्या चारू खुराणांना संघटनेने २००९ साली कार्ड नाकारले. बायकांनी केस करावेत आणि चेहरा पुरुषांनी रंगवावा, अशी तिथे अनेक वर्षांची वहिवाट होती. ती सर्वोच्च न्यायालयाने मोडली १० नोव्हेंबर २०१४ रोजी. ज्या मराठी रंगभूमीवर पुरुषांनी नऊवारी नेसून बायकांना नटण्याचे धडे दिले, तिच्या गावात ही गोष्ट मला इतक्या वर्षांच्या अंतराने भाचीकडून कळावी!

मी सही केली. दोन दिवस भावोजी फोनवर आले नाहीत.

तिकडे ती जे शिकते ते मला तुकड्यातुकड्यांनी कळते, कारण तिचा फोन येतो तो आमच्या जेवणाच्या वेळी. पहिल्या सत्रात तिने एका मुलीला नवरीसारखी नटवली. बाईंनी विचारले, "सुंदर आहे. पण तुला म्हणायचे काय आहे?" त्या रात्री ती फोनवर रडली. फॅशनच्या छायाचित्रात चेहरा हे एक वाक्य असते म्हणे. छायाचित्रकार, कपडे निवडणारा, केस करणारा आणि रंगवणारा या सगळ्यांचे मिळून ते वाक्य जुळावे लागते. मला मात्र हे चटकन पटले. अलंकार म्हणजे अर्थ नव्हे, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणी ऐकत नाही.

पुष्कळशी विद्या पदार्थविज्ञान-रसायनाची आहे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेली पावडर आरशात दिसत नाही, पण फ्लॅश पडला की गालांवर पीठ सांडल्यासारखी पांढरी उमटते. आपल्या लग्नांच्या अल्बममधल्या निम्म्या करवल्यांचे कोडे मला असे उलगडले! सावळ्या कातडीवर चुकीची छटा बसली की चेहरा राखाडी होतो. आणि केसांची तर निराळीच कथा. कुरळ्या आफ्रिकी केसांना हात न लावताही इंग्लंडात केशकर्तनाची पात्रता मिळवता येत असे. राष्ट्रीय मानकांत ते केस आवश्यक झाले २०२१ साली. "आपण गोरे दिसायला शिकवतो मामा, त्यांना काळे बघायला शिकावे लागले," असे ती म्हणाली. हे वाक्य मी चोरून वर्गात वापरले आहे.

एकदा तिने मलाच धारेवर धरले. मी कलप लावतो हे आमच्या घरातले उघड गुपित आहे. गेल्या दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी नवे पाकीट लावले आणि नरकचतुर्दशीला कान सुजून अभ्यंगाला बसलो. फोनवर तिने आधी पाकिटावरचे बारीक अक्षर वाचायला लावले. पॅराफेनिलिनडायमिन! ज्याची कातडी ते सोसत नाही त्याला अशी सूज येते. म्हणून अठ्ठेचाळीस तास आधी थोडेसे कानामागे लावून पाहायचे, हा त्यांचा पहिल्या वर्षाचा धडा. तेव्हा वाचकहो, यंदा कलप लावणार असाल तर वसुबारसेच्या आतच कानामागचा प्रयोग उरकून घ्या.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. शेवटच्या प्रकल्पाला तिने विषय घेतला आहे आपल्या आज्यांच्या केसांचा. खोपा, बुचडा, अंबाडा यांत नेमका फरक काय, गंगावन कुठे जोडत, आकडे कसे खोचत, हे विचारायला तिने मला तीन वेळा फोन केला. एम. ए. मराठीचा इतका उपयोग मला आयुष्यात कुणी करून दिला नव्हता. दोन शब्दांवर मी अडलो आणि आमच्या आईला विचारून आलो. आईने शब्द सांगण्याऐवजी सुनेला समोर बसवून खोपाच घालून दाखवला.

भावोजींच्या आईचा खोप्यातला एक जुना फोटो त्यांच्या दिवाणखान्यात असतो. तो त्यांनी स्वतः चौकटीतून काढला, स्टुडिओत नेऊन त्याची प्रत करवली आणि लेकीला पाठवली. मला हे बहिणीने सांगितले. ते स्वतः बोलले नाहीत. परवा फराळाची यादी विचारायला फोन आला, तेव्हा शेवटी एवढेच म्हणाले, "अभ्यासक्रम संपल्यावर हप्ते किती महिन्यांनी सुरू होतात हो?"

"वर्षभराने," मी म्हणालो.

"आणि तोवर तिला काम मिळाले नाही तर?"

सही माझी आहे, असे मी म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी अनारशांचे विचारले.