बेवारस ठेवींचे खरे वारस

बँका, विमा कंपन्या, भविष्यनिधी व भागबाजार यांत मिळून 1 लाख 84 हजार कोटी रुपये मागणीवाचून पडून आहेत, असे केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी 4 ऑक्टोबर 2025 रोजी गांधीनगर येथे सांगितले आणि ‘आपकी पूँजी, आपका अधिकार’ ही तीन महिन्यांची मोहीम सुरू केली. डिसेंबरात पंतप्रधानांनी दिलेल्या माहितीप्रमाणे तोवर सुमारे 2,000 कोटी रुपये मालकांच्या हाती पडले होते. हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास भरते. मोहिमेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण उरलेला पैसा का हलत नाही, याचा विचार व्हावयास हवा.

कायदा तसा स्पष्ट आहे. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 26-अ अन्वये 10 वर्षे अस्पर्श राहिलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जाते. 2014 पासून चालू असलेल्या या निधीतील रक्कम मार्च 2023 अखेर 62,225 कोटी होती, ती मार्च 2024 अखेर 78,213 कोटींवर गेली. ठेवीदाराची मालकी मात्र संपत नाही. त्याने किंवा त्याच्या वारसाने केव्हाही मागणी केली, तरी बँकेने पैसे द्यावयाचे आणि निधीकडून वसूल करून घ्यावयाचे. प्रश्न व्याजाचा आहे. निधीत गेलेल्या ठेवीवर प्रारंभी 4 टक्के व्याज मिळे. पुढे ते साडेतीन झाले आणि 11 मे 2021 पासून 3 टक्के, तेही सरळव्याज. म्हणजे 10,000 रुपयांचे दहा वर्षांनी 13,000. निधी स्वतः सरकारी रोख्यांत गुंतविला जातो, आणि त्या रोख्यांचे उत्पन्न याहून बरेच अधिक असते. मधली तफावत ठेवीदारांच्या शिक्षणासाठी वापरावयाची, अशी योजना आहे. ठेवीदाराच्या अज्ञानातून उभा राहिलेला पैसा त्याच्याच ज्ञानवृद्धीसाठी खर्च व्हावा, यात एक विचित्र न्याय आहे खरा!

परभणीसारख्या जिल्ह्यात या अज्ञानाला इतिहासही आहे. वडिलांनी कापसाच्या पट्टीचे पैसे स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये ठेवले असतील, तर 1 एप्रिल 2017 पासून त्या नावाची बँकच उरली नाही. ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. 1976 साली नांदेडला स्थापन झालेली मराठवाडा ग्रामीण बँक 2009 मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली, आणि 1 मे 2025 रोजी विदर्भ-कोकणच्या ग्रामीण बँकेशी तिचे पुन्हा एकीकरण झाले. पेटीच्या तळाशी सापडलेले जीर्ण पासबुक घेऊन जिंतूर वा पालमच्या मुलाने जावे कोठे?

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये ‘उद्गम’ हे शोधसंकेतस्थळ काढले. मार्च 2024 पर्यंत त्यावर 30 बँका आल्या आणि अशा ठेवींच्या एकंदर मूल्याचा सुमारे 90 टक्के भाग त्यात आला. मूल्याचा, हे येथे ध्यानी घ्यावे. ग्रामीण बँका व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका यांतील ठेवी रकमेने लहान, म्हणून त्या उरलेल्या दहा टक्क्यांत बसतात; शेतकऱ्याचे खाते नेमके तेथेच असते. शिवाय या शोधात खातेदाराच्या नावाबरोबर पॅन, मतदार ओळखपत्र, जन्मतारीख असा काही खुणेचा पुरावा किंवा निदान पत्ता लागतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या खात्याला पॅन कोठला? जन्मतारीख बहुधा 1 जून! ‘किसन’चे ‘किशन’ झालेले असते, आणि लेकीच्या खात्यावर माहेरचे नाव असते. तालुक्याला दोन खेपा म्हणजे दोन दिवसांची मजुरी. ठेव चार हजारांची असेल, तर तिच्यावर पाणी सोडणे गरिबाला परवडते.

माझ्या मते शोधाचा भार उलट दिशेने टाकला पाहिजे. मृत खातेदारांच्या वारसांची नोंद सातबाऱ्यावर घेण्यासाठी महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबविली. तलाठ्याजवळ मृत शेतकरी व त्याचे वारस यांची गाववार माहिती त्यातून तयार झाली आहे. बँकेच्या शाखेजवळ निष्क्रिय खात्यांची यादी आहे. या दोन याद्या एकत्र बसून ताडून पाहाव्यात आणि 15 ऑगस्ट वा 26 जानेवारीच्या ग्रामसभेत केवळ नावे वाचून दाखवावीत. रक्कम जाहीर झाली, तर भाऊबंदकी व दलाल दोन्ही जागे होतील, ही शंका रास्त आहे. म्हणून रक्कम सांगू नये. नावे व पत्ते प्रसिद्ध करणे बँकांवर आजही बंधनकारक आहेच. फरक एवढाच की ते संकेतस्थळावर असतात.

मृतांच्या दाव्यांसंबंधी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये नवे निर्देश काढले. नामनिर्देशन नसले, तरी ठराविक मर्यादेपर्यंत वारसा प्रमाणपत्रासाठी न्यायालयात न धाडता सोप्या कागदपत्रांवर दावा निकाली काढावा, आणि सर्व कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यावेत, असे त्यांत आहे. ही मर्यादा व्यापारी बँकांसाठी किमान 15 लाख आहे, सहकारी बँकांसाठी 5 लाख. निर्देश चांगले आहेत. मात्र ते अमलात आणणाऱ्या कारकुनाच्या मेजावर मराठीतून छापलेला एक पानी अर्ज असल्याखेरीज गंगाखेडच्या विधवेला त्यांचा पत्ता लागावयाचा नाही, आणि असा अर्ज छापून घेणे जिल्ह्याच्या अग्रणी बँकेला अवघड नाही.