शेरखान, रावण आणि आपली मुले

देवरी तालुका हा वनांचा मुलूख आहे. मुंबई-कोलकाता महामार्गावरील या तालुक्याच्या पश्चिमेस नवेगाव-नागझिऱ्याचे अरण्य पसरले आहे; 2013 मध्ये ते व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. उत्तरेस बालाघाट ओलांडले की सिवनी जिल्हा लागतो. किपलिंगने 1894 मध्ये मोगलीची कथा रचली, ती याच सिवनीच्या टेकड्यांवर. जपानच्या निप्पॉन अॅनिमेशन संस्थेने 1989 मध्ये तिची चित्रमालिका केली आणि 1993 मध्ये ती दूरदर्शनवरून हिंदीत घरोघरी पोहोचली. आमच्या शेजारचे अरण्य असे जपानमार्गे आमच्याकडे परत आले!

त्या मालिकेत पाप-पुण्याचा हिशेब सरळ होता. मोगली, बल्लू, बघीरा हे सज्जन, शेरखान खल. नाना पाटेकरांच्या आवाजाने त्या खलाचा दरारा अधिकच वाढवला. ती मालिका पाहत वाढलेल्यांची मुले आज ‘डीमन स्लेअर’ पाहतात. सप्टेंबर 2025 मध्ये त्याचा चित्रपट हिंदीतही प्रदर्शित झाला. जग असे काळे-पांढरे नसते, म्हणून अशा कथा मुलांना दाखवू नयेत, असे काही विद्वान सांगतात. आम्हांस ते मान्य नाही. वाईटाला वाईट म्हणण्याचे बळ बालपणीच अंगी यावे लागते. आजीच्या गोष्टींनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केले. ज्याला हे बळ लाभले नाही, तो मोठेपणी प्रत्येक अन्यायाला सबब शोधतो.

परंतु धोका दुसरीकडे आहे. पडद्यावरचा खल चेहऱ्यावरूनच ओळखू येतो. देवरीच्या रानातला वाघ मात्र शेरखान नाही. तो भुकेपोटी शिकार करतो, त्यात पाप नाही. मोहफुले वेचायला गेलेल्या माणसावर वाघाने झडप घातली, तर त्या कुटुंबाला तत्काळ साहाय्य आणि गावाला संरक्षण मिळालेच पाहिजे. वाघाला दुष्ट ठरवून रानात विजेच्या तारा सोडल्याने मात्र गाव सुरक्षित होत नाही. माणसांचेही तसेच. गोरगरिबांची मजुरी बुडवणाऱ्याच्या डोक्यावर शिंगे नसतात, आणि परक्या वस्तीतला, परक्या भाषेचा माणूस केवळ परका म्हणून राक्षस ठरत नाही.

युगो साको यांनी राम मोहन यांच्यासह साकारलेला रामायणावरील चित्रपट जानेवारी 2025 मध्ये आपल्या चित्रपटगृहांत पुन्हा आला. त्यानिमित्ताने वाल्मीकींचा राम आठवावा. तो अंगदाकरवी समेटाची संधी देतो, मग रावणाचा वध करताना कचरत नाही. आणि वधानंतर, मृत्यूबरोबर वैर संपले असे सांगून बिभीषणाला अंत्यसंस्कार करावयास लावतो. ‘डीमन स्लेअर’चा तांजिरोही दैत्यांना मारतो, पण मरणाऱ्या दैत्याविषयी त्याला करुणा वाटते. अधर्माशी तडजोड नाही आणि वैऱ्याच्या मृत्यूचा उन्मादही नाही, ही शिकवण दोन्हीकडे आहे.

आणखी एक कठीण पाठ उरतो. बिभीषणाने अन्याय ओळखला तो स्वतःच्या भावाचा. विकर्ण बोलला तो स्वतःच्याच सभेत. परक्याचे पाप सर्वांनाच दिसते. आपल्या माणसाच्या हातून अन्याय घडला, तर त्यालाही अन्याय म्हणता आले पाहिजे. विवेकाची खरी परीक्षा तिथेच होते.

म्हणून पालकांनी दूरचित्रवाणी बंद करण्याची घाई करू नये. मुलांशेजारी बसावे आणि एवढेच विचारावे: हा वाईट आहे म्हणतोस, तर याने नेमके काय केले? उत्तर कृतीकडे बोट दाखवणारे असेल, तर संस्कार योग्य मार्गावर आहेत. ते चेहऱ्याकडे बोट दाखवणारे असेल, तर गोष्ट पुन्हा सांगण्याची जबाबदारी आपली आहे.