उपाशी रातकिडे आणि मऊ पडलेले जबडे

ज्याला रातकिड्यांना चारा घालायचा कंटाळा आहे, त्याने बिअर्डेड ड्रॅगन पाळू नये. लेपर्ड गेको नको, शॅमेलिऑन तर मुळीच नको. हे मी रागाने लिहितो आहे आणि तो आवरायची माझी इच्छा नाही.

सरडे पाळण्याच्या या हौसेत पैसा कमी पडत नाही. ऐसपैस काचेची पेटी येते, खोट्या वेली येतात, उन्हासाठी दिवे येतात, दर आठवड्याला फोटो निघतात. आणि त्या जनावराच्या पोटात जातं काय? दुकानातल्या डब्यात अंड्यांच्या पुठ्ठ्यावर कित्येक दिवस उपाशी बसलेले, एकमेकांना कुरतडणारे रातकिडे. "अहो, किडाच तो, त्याला कशाला खायला घालायचं?" हे मी दुकानदारांकडून ऐकलं आहे आणि चांगल्या शिकल्या-सवरल्या पाळणाऱ्यांकडूनही. तुमचा सरडा किडा खातो म्हणजे त्या किड्याने खाल्लेलंही खातो, एवढं ज्याला कळत नाही त्याच्या ताब्यात जिवंत प्राणी देणं हा गुन्हा समजायला हवा.

किड्याला हाडं नसतात. त्याचं कवच कायटिनचं, त्यात कॅल्शियम नावालाच. रातकिड्यात एक भाग कॅल्शियमला फॉस्फरस साधारण नऊ भाग भरतो. मीलवर्म अळ्यांची गत याहून वाईट. सरड्याला हवं असतं नेमकं उलटं: फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम. रोजच्या खाण्यातून ते मिळालं नाही की रक्तातलं कॅल्शियम घसरतं. मग पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्त सावरते. प्राणी वरून ठीक दिसतो, खातो, आणि आतून त्याचा सांगाडा विरघळत असतो. पुढे जबडा रबरासारखा वाकतो, पाय कमानदार होतात, बोटं थरथरतात, पाठीचा कणा वळतो. असा सरडा पोट जमिनीवरून उचलू शकत नाही. त्याला नुसतं हातात घेतलं तरी हाड मोडतं. आणि मालक सांगतो, "आळशी झालाय हल्ली."

यावरचा उपाय नवा नाही, महागही नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातल्या मेरी अ‍ॅलन आणि ओलाव ओफ्तेदाल यांनी १९८९ सालीच दाखवून दिलं होतं, की रातकिड्यांना सुमारे ८ टक्के कॅल्शियम असलेला चारा दोन दिवस घातला तर त्यांचं भरलेलं आतडंच हे गणित सुधारतं. घरच्या घरी करायचं तर ८० ग्रॅम बारीक दळलेल्या चाऱ्यात २० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. चारा पिठासारखा हवा, भरड कण रातकिडा बाजूला सारतो. हा चारा फक्त सरड्याला देण्याआधीच्या शेवटच्या दोन दिवसांपुरता. कायम त्यावर ठेवलेले रातकिडे मरतात. त्याआधी त्यांना साधं चांगलं खाणं द्या. आणि आतडं भरल्यावर लगेच सरड्यापुढे ठेवा, कारण ते काही तासांत रिकामं व्हायला लागतं. हे सगळं करायला रोज पाच मिनिटं पुरतात.

नुसती भाजी टाकून मात्र हे साधत नाही. गाजर, लाल भोपळा, मुळ्याचा पाला, शेवग्याचा पाला जरूर द्या, त्यातून पाणी आणि कॅरोटिनॉइड मिळतात. रातकिड्यात जीवनसत्त्व अ जवळपास नसतंच आणि त्याच्या कमतरतेने शॅमेलिऑनचे डोळे सुजून मिटतात. पण पालक पौष्टिक म्हणून टोपलीभर घालू नका. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून टाकतं. आणि मीलवर्म ज्या गव्हाच्या कोंड्यात महिनोन्‌महिने ठेवतात, तो स्वतःच फॉस्फरसने भरलेला असतो. त्या कोंड्यावर वाढवलेली अळी तशीच उचलून सरड्याला देणारा त्याचं दुखणं वाढवतो.

"आम्ही किड्यांना कॅल्शियमची पावडर लावतो ना!" हे पुढचं उत्तर. लावाच. पण रातकिडा अंग साफ करतो, पावडर झडते, आणि तासाभराने सरड्याच्या तोंडात जातो तो बव्हंशी कोरा किडा. अतिनील-ब दिवा नसेल तर ड्रॅगनच्या शरीरात जीवनसत्त्व ड-३ पुरेसं तयार होत नाही आणि पोटात गेलेलं कॅल्शियमही नीट शोषलं जात नाही. खिडकीतलं ऊन इथे चालत नाही, काच ते किरण अडवते. पावडर, दिवा आणि पोट भरलेला किडा ही तिन्ही कामं वेगवेगळी आहेत. एकाच्या बदल्यात दुसरं चालवून घेणारे स्वतःचा खर्च वाचवतात आणि किंमत प्राणी मोजतो.

मग कोणीतरी हमखास विचारतं: "जंगलात कोण चारतं किड्यांना?" जंगलच चारतं. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशात हा ड्रॅगन वाळवी, भुंगेरे, पानं, फुलं असं कितीतरी खातो, आणि तिथला प्रत्येक किडा काहीतरी खाऊन आलेला असतो. तुम्ही त्याला एकाच जातीच्या उपाशी किड्यांवर ठेवलंत आणि वर निसर्गाचा दाखला देता?

दुकानदारांना माझं एकच सांगणं आहे. रातकिड्यांच्या डब्यावर तुम्ही भाव लिहिता. त्यांना शेवटचं काय खाऊ घातलं आणि कधी, हेही लिहा. घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय डबा उचलू नये. उत्तर मिळालं नाही तर ते रातकिडे उपाशी आहेत असंच धरा, घरी आणून दोन दिवस नीट चारा आणि मगच सरड्याला द्या. तोवर त्याला काय द्यायचं हा प्रश्न पडत असेल, तर भरल्या पोटाच्या रातकिड्यांचा दुसरा डबा घरात तयार असायला हवा होता.