605 किलोमीटर, पण कुणासाठी?

मागच्या विकांताला रिकामा बसलो होतो, म्हणून दोन विमानतळांमधलं सरळ अंतर काढणारा दहा ओळींचा कोड लिहिला. पुणे ते नागपूर साधारण 605 किमी. ताशी आठशेच्या वेगाने पाऊण तास. चढणं-उतरणं धरून तिकिटावर सव्वा-दीड तास लिहिलेला असतो. हिशोब जुळला, खूश झालो.

मग सवयीने त्या रेषेवर आपलं गाव शोधलं. आमचं मेहकर, जिल्हा बुलढाणा. ही रेषा लोणारच्या किंचित खालून जाते, निम्म्याहून थोडं पुढे. एकदा हापिसच्या कामाने नागपूरला जाताना डावीकडच्या खिडकीतून ते सरोवर दिसलंही होतं. शेजारच्याला उत्साहाने दाखवलं. त्याने मान हलवली आणि परत झोपला. मला वाटलं, इथंच उतरवा की राव!

उतरवत नाहीत. नागपूरला उतरून 280 किमीहून जास्त मागे यायचं.

गेल्या वर्षी रात्री साडेआठला आईचा फोन आला. बाबांना ऍडमिट केलं होतं. "कवा पोचशीन?" एवढंच विचारलं तिने. विमानाचा हिशोब केला: सकाळी घर ते विमानतळ एक तास, आधी दोन तास हजर, दीड तास हवेत, मग समृद्धीवरून साडेतीन तास. दुपार उलटणार. ट्रॅव्हल्स सकाळी सातला पोचवत होती. तीच पकडली. (बाबा आता ठणठणीत आहेत.)

जालन्यापुढे मात्र डोळा लागला नाही. 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. 25 माणसं गेली. आपल्यासारखीच, रात्री झोपून सकाळी पुण्यात उतरणारी.

गावाकडचे मित्र म्हणतात, जिल्ह्याला विमानतळ पाहिजे. मला नाही पटत. एप्रिल 2025 मध्ये अमरावतीहून मुंबईचं विमान सुरू झालं, आनंद आहे. पण मुंबईला जायला मेहकरच्या माणसाने आधी उलट्या दिशेला अमरावती गाठायची? आणि आपल्याच जिल्ह्यात विमानतळ झाला, तरी रोज विमान भरेल एवढी तिकिटं कोण काढणार?

आपल्याला रेल्वे हवी. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशनं मुंबई-हावडा मार्गावर आहेत. घाटावर मेहकर, चिखली, लोणार, देऊळगावराजा, कुठेच रूळ नाही. खुद्द बुलढाणा शहरात नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी आमच्या आजोबांच्याही आधीची. तो झाला तर माणूस रात्री आडवा होईल, आणि ड्रायव्हरला डुलकी लागली तर काय, हा विचार न करता झोपेल. मतं मागायला येणाऱ्यांना विमानतळाआधी हे विचारा.

दिवाळीचं तिकीट काढायचंय. अर्थात ट्रॅव्हल्सचंच. खालची बर्थ मिळाली तर बरं.