न तापणारा ड्रायर

श्रावणात आमच्या बोरीत कपडे वाळत नाहीत, म्हणून हप्त्यावर दोन टबांचं वॉशिंग मशीन घेतलं.

‘‘अहो, ड्रायर फिरतोय, पण तापतच नाही!’’ ही म्हणाली.

मिस्त्री आला. झाकण उघडलं, लावलं. ‘‘साहेब, कॉइल गेली. बाराशे लागतील.’’

मी पडलो बँकेतला कारकून. व्हाउचर पाहिल्याशिवाय पैसे सोडत नाही. ‘‘जुनी कॉइल दाखव,’’ म्हटलं. मागचा पत्रा निघाला. आत दोन मोटारी, एक पट्टा, चार वायरी. कॉइल नव्हतीच, तर जाणार कुठून?

दोन टबांच्या मशीनमधला हा ‘ड्रायर’ कपडे गरागरा फिरवून भोकांतून पाणी बाहेर फेकतो, बस्स! गरम हवेनं वाळवणारा ड्रायर ही जातच निराळी. मिस्त्रीला मी चहा पाजून सोडलं. बिचाऱ्याला पोट आहे. पण ‘ड्रायर’ असं छापणाऱ्यांना का सोडायचं? बचत खात्याला मी मुदत ठेव म्हटलं, तर दुपारच्या आत मेमो येईल! ‘पिळणी’ म्हणायला यांची जीभ का अडखळते?

मी बटणावर चिठ्ठी डकवली : ‘पिळणी’.

‘‘छान,’’ ही म्हणाली. ‘‘आता माजघरात दोरी बांधा.’’